फोन ठेवता न येणारी डबी

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना पतसंस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, तोही मोबाइलवरून. तिथंच मी ओळखायला हवं होतं. शनिवारी दुपारीच त्यांच्या मुख्य कार्यालयात नवी फोनव्यवस्था बसवून आलो होतो आणि 'सोमवारी पैला फोन नव्या मशिनीवरनं तुम्हालाच' असं ते म्हणाले होते.

"ओ इंजिनिअर, चारी लायनी एंगेज लागत्यात. सभासद हापिसात येऊन विचारायला लागलेत, संस्था हाय का बुडाली?"

पतसंस्थेचा फोन दोन दिवस एंगेज लागणं ही आमच्या सांगलीकडं चेष्टेवारी न्यायची गोष्ट नाही. मी स्कूटरला किक मारली.

माझं विश्रामबागेत छोटं दुकान आहे. ईपीबीएक्स, म्हणजे कार्यालयातली छोटी टेलिफोन एक्स्चेंजं, बसवायची, दुरुस्त करायची, केबल ओढायची, हे गेली तीसेक वर्षं चालू आहे. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, त्यामुळे खांब, डीपी, जंपर हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. पतसंस्थेत मी नवीन असं एवढंच केलं होतं, की जुना ईपीबीएक्स काढून टेबलांवर इंटरनेटच्या तारेवर चालणारे फोन ठेवले होते. पण संस्थेचे चार नंबर वीस वर्षांचे, पासबुकावर छापलेले. ते तांब्याच्या तारेवरच राहणार होते. म्हणजे मधे एक दुभाषा हवा. त्या दुभाष्याला धंद्यात गेटवे म्हणतात. वहीएवढी काळी डबी, मागे एक नेटवर्कची खाच, चार टेलिफोनच्या खाचा आणि पुढे चार दिवे, लाइन गुंतली की पेटणारे.

गेलो तेव्हा चारी दिवे हिरवे होते. मी टेस्टर फोनचे चिमटे पहिल्या जोडीला लावले आणि कान दिला. डायल टोन नाही, एंगेज टोन नाही. एका बाईंचा मंजुळ आवाज: संस्थेच्या कामकाजाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच आहे, धन्यवाद. थोडी शांतता. पुन्हा संस्थेच्या कामकाजाची वेळ. हा निरोप मीच भरला होता. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी फोन केला असणार, निरोप ऐकून त्यानं ठेवून दिला असणार. डबीनं मात्र ठेवला नाही. आधी एक्स्चेंजच्या एंगेज टोनला, आणि एक्स्चेंजनं कंटाळून टोन बंद केल्यावर नुसत्या शांततेला, ती सोमवारपर्यंत कामकाजाची वेळ सांगत बसली होती. चार लाइनींवर चार माणसांनी फोन केला की काम तमाम.

समोरच्यानं फोन ठेवला हे त्या डबीला का कळलं नाही, याचं उत्तर नीट सांगायचं तर आपला साधा फोन कसा चालतो इथून सुरुवात करावी लागेल.

साध्या फोनला दोन तारा येतात. फोन ठेवलेला असताना त्यांवर एक्स्चेंजकडून सुमारे 48 व्होल्ट असतात. रिसीव्हर उचलला की आतला खटका सुटतो, प्रवाह वाहू लागतो आणि तारेवरचा दाब दहाच्या आत उतरतो. एक्स्चेंजला त्यावरून कळतं की अमक्या घरानं फोन उचलला, आणि ते डायल टोन देतं. रिंग वाजवायची तर त्याच तारांवर पाऊणशेच्या आसपास व्होल्टची, सेकंदाला 25 हेलकावे घेणारी वीज सोडतात. पावसात खांबावर जोडी हातात असताना रिंग आली तर काय होतं, हे वडिलांना विचारायला हवं होतं. ते त्यावर एक शिवी देऊन थांबत. सांगायचा मुद्दा असा की या तारांवर 'उचलला', 'ठेवला', 'वाजव' असे शब्द कुणी पाठवत नाही. सगळा व्यवहार विजेच्या चढउतारावर आणि टोनवर चालतो. देवघेव आहे, पण लिखापढी नाही.

इंटरनेटवरचा फोन याच्या अगदी उलट. तिथं सगळी लिखापढी. एसआयपी नावाचा करार आहे. आज जो चालतो त्याचा मसुदा 2002 सालचा. त्यात एक यंत्र दुसऱ्याला चक्क मजकूर पाठवतं: बोलायचं आहे, या. दुसरं कळवतं: वाजतंय. मग: उचलला. शेवटी: येतो. आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेनं जातात. समोरच्यानं ठेवला की तसा निरोपच येतो, शंकेला जागा नाही.

डबीनं या दोघांच्या मधे उभं राहायचं. पण नुसता दुभाषा म्हणून भागत नाही, तिला सोंग घ्यावं लागतं. तमाशातला सोंगाड्या जसा घटकेत पाटील होतो, घटकेत फौजदार, तसं. सोंगं दोन. पहिलं एक्स्चेंजचं: डबी आपल्या खाचेतून 48 व्होल्ट देते, डायल टोन ऐकवते, रिंग वाजवते. तिला जोडलेल्या जुन्या फोनला वाटतं, पलीकडे एक्स्चेंजच आहे. या खाचेला एफएक्सएस म्हणतात. दुसरं सोंग फोनचं: खाच एक्स्चेंजच्या तारेला जोडायची, मग डबी रिंग ऐकते, 'रिसीव्हर' उचलते, नंबर फिरवते. हिचं नाव एफएक्सओ. या दोन्ही नावांतला एफएक्स म्हणजे फॉरेन एक्स्चेंज. त्यातलं फॉरेन म्हणजे परदेशी नव्हे, परगावचं. अमेरिकेत पूर्वी दूरच्या गावच्या एक्स्चेंजचा नंबर आपल्या गावात घेता येई, त्या सोयीचं हे नाव मागे राहिलं.

दोन्ही खाचा दिसायला सारख्या. एक्स्चेंजची तार चुकून एफएक्सएसमध्ये खुपसली की दोन्हीकडून वीज येते, आणि रिंग आली की खाच जळायची पाळी. मी दोन जाळल्यात. दुसरीच्या वेळी तर वर कागद चिकटवला होता, तोच उलटा.

यातलं एक्स्चेंजचं सोंग सोपं. फोन गरीब जात आहे, डबी जे ऐकवेल ते तो खरं मानतो. फोनचं सोंग अवघड, कारण एक्स्चेंजचे रीतिरिवाज माहीत असावे लागतात आणि ते देशागणिक निराळे. आपली एंगेज टोन 400 हर्ट्झची, पाऊण सेकंद वाजते आणि पाऊण सेकंद थांबते. अमेरिकेत 480 आणि 620 असे दोन सूर एकत्र, अर्धा सेकंद वाजणं, अर्धा सेकंद थांबणं. आपली रिंग दोन ठोके देऊन दोन सेकंद गप्प बसते. तिकडची दोन सेकंद सलग वाजून चार सेकंद थांबते. पतसंस्थेतली डबी कारखान्यातून अमेरिकी रीत शिकून आली होती. फोन ठेवला गेल्यावर आपल्या एक्स्चेंजनं इमानानं एंगेज टोन दिली, पण डबीच्या लेखी तो कुठला तरी अनोळखी आवाज. बोलत असेल कुणीतरी, असं समजून ती थांबून राहिली.

दुसरीही एक खूण असते. काही लाइनींवर समोरच्यानं उचलला की एक्स्चेंज दोन तारांची अदलाबदल करतं, प्लसची मायनस होते, आणि ठेवला की पुन्हा पूर्ववत. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी बूथमधलं मीटर असल्याच खुणेवर पळायचं. पण ही सोय मागून घ्यावी लागते आणि पतसंस्थेच्या लाइनींवर ती नव्हती. मी सेटिंगमध्ये 400 हर्ट्झ, 750, 750 असे आकडे भरले आणि फोन लावून पाहिला. समोरच्यानं ठेवल्यावर चारपाच सेकंदांत दिवा विझला. कामाला दीड मिनिट लागलं. अध्यक्षांनी चहा सांगितला आणि बिलातले पाचशे कापले. मी काही बोललो नाही.

या डब्यांचा इतिहास फार जुना नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीनं इंटरनेट फोन नावाचा प्रोग्रॅम काढला. त्यावर बोलायला दोन्हीकडे संगणक लागे, म्हणजे आधी फोन करून 'संगणक चालू कर' म्हणायचं. घरचाच फोन वापरता यावा म्हणून छोटे अडॅप्टर निघाले. कोमोडो नावाच्या छोट्या कंपनीनं एक बनवला, 2000 मध्ये सिस्कोनं ती कंपनीच घेतली. कोमोडोच्या संस्थापकांनी पुढं सिप्युरा काढली, तीही 2005 मध्ये सिस्कोच्या पोटात गेली. एकाच घरच्या मुली एकाच घरात दिल्या म्हणा ना. अडॅप्टर निघाले त्याच सुमाराला अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या कंपनीसाठी ईपीबीएक्स परवडेना, म्हणून त्यानं 1999 मध्ये अॅस्टेरिस्क हा फुकटचा प्रोग्रॅम लिहिला. साध्या संगणकाचा ईपीबीएक्स. त्याला टेलिफोनची तार जोडायला जे पहिलं स्वस्त कार्ड मिळायचं, ते मुळात मॉडेमच्याच चिपवर बनलेलं होतं. मी तसलंच एक नकली कार्ड मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं. चाललं महिनाभर, आणि त्या महिन्यात मी जेवढं शिकलो तेवढं आयटीआयच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

आता आवाजाकडं वळू. आवाज डबीत शिरला की त्याचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. हे माप 1972 पासूनचं आहे, टेलिफोन एक्स्चेंजांचंच. इंटरनेटनं ते जसंच्या तसं उचललं. मग 20 मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे 160 बाइट, एका पाकिटात घालायचा, आणि अशी 50 पाकिटं सेकंदाला रवाना करायची. प्रत्येक पाकिटावर पत्ता, अनुक्रमांक, वेळ असा 40 बाइटचा मजकूर. जागा वाचवायची म्हणून जी. 729 या पद्धतीनं आवाज आठपट दाबला, तर पाकिटात आवाज उरतो 20 बाइटचा आणि वरचा पत्ता तेवढाच, 40. पत्रापेक्षा पाकीट जड.

आवाज असा दाबण्याचा आणखी एक त्रास आहे. फोनवर बटण दाबल्यावर जो सूर निघतो, तो खरं तर दोन सुरांची जोडी असते. 1 दाबलं तर 697 आणि 1209 हर्ट्झ. दाबण्याची पद्धत माणसाच्या बोलण्यावर बेतलेली, तिच्यात हे सूर मोडतात. एका हॉस्पिटलात 'अपॉइंटमेंटसाठी दोन दाबा' म्हटल्यावर लोक दोन दाबत आणि बाई म्हणत, 'आपण कोणतंही बटण दाबलेलं नाही.' एका आजोबांनी दहा वेळा दाबून शेवटी रिक्षा केली. उपाय असा, की डबीनं सूर ऐकून तो आवाजात न पाठवता 'दोन दाबलं' असा वेगळा निरोप पाठवायचा. सेटिंगमध्ये एक खूण करायची असते. बसवणाऱ्यानं ती केली नव्हती, आणि यावेळी बसवणारा मी नव्हतो, हे नमूद करतो.

प्रतिध्वनीची गोष्ट मात्र मला माझ्या बहिणीमुळे कळली. ताई न्यू जर्सीत असते. आधी ती कॉलिंग कार्ड घ्यायची, नखानं खरवडून पिन काढायची, वीस आकडे दाबायची आणि मिनिटं संपत आली की मधेच एक बाई बोलायची. 2009 मध्ये व्होनेज कंपनीनं महिना 24.99 डॉलरमध्ये भारतासह साठेक देशांत हवं तेवढं बोला अशी योजना काढली आणि ताईच्या ओट्यावर एक अडॅप्टर आला. तिच्या घरचा साधा कॉर्डलेस त्याला जोडलेला. तिचा आवाज तिथं पाकिटांत शिरायचा, मजल दरमजल करत भारतातल्या परवानाधारक कंपनीच्या मोठ्या गेटवेला पोचायचा, तिथं पाकिटातून निघून जुन्या टेलिफोनच्या वाटेला लागायचा आणि 0233 चं एक्स्चेंज करत तांब्याच्या तारेनं आईच्या कानात.

"अरे, मला माझंच बोलणं परत ऐकू येतंय," ताई म्हणायची. आईला सगळं लख्ख. मी ताईला अडॅप्टर बदलायला सांगितला, वायर बदलायला सांगितली. दोन आठवडे तिला छळल्यावर मला कळलं की दोष तिच्याकडे असूच शकत नाही. दोन तारांवर जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच असतो. एक्स्चेंजमध्ये ते दोन वाटांना वेगळे करावे लागतात. तारेचा मेळ नीट बसला नाही तर आलेल्या आवाजातला थोडा तिथूनच माघारी फिरतो. म्हणजे ताईचा आवाज सांगलीत येऊन आईच्या लाइनीवरून परत न्यू जर्सीला जात होता. गावातल्या गावात हे कायम घडतं, पण आवाज इतक्या लवकर परततो की कळत नाही. इंटरनेटनं उशीर वाढवला आणि जुनी खोड उघडी पडली. प्रतिध्वनीत ज्याला त्रास होतो, त्याच्या समोरच्याचं घर तपासायचं. आमच्या डीपीतला, म्हणजे तारा वाटणाऱ्या पेटीतला, गंजलेला जोड कापून नवा केला, बराच फरक पडला.

कायद्याचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्याच अध्यक्षांनी मला एकदा गाठलं होतं. संस्थेची पुण्याला शाखा. दोन्ही कार्यालयं इंटरनेटनं जोडलेली. ते म्हणाले, "पुण्याला मशिनीवरनं फुकट जायचं, आणि तिथल्या लायनीवरनं लोकल कॉल लावायचा. यष्टीडी वाचती की." डोकं बरोबर चाललं होतं. डबीला हे सहज जमतं, आणि नेमकं म्हणूनच त्याला बंदी होती. संस्थेच्या माणसांनी आपसात इंटरनेटवर बोलावं, पण तो कॉल दुसऱ्या गावी सार्वजनिक फोनजाळ्यात उतरवायचा नाही. यंत्रात दोन्हींच्या मधे भिंत घालावी लागे. भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली 1 एप्रिल 2002 ला, तीही परदेशी फोन लावण्यापुरती आणि संगणक ते संगणक; देशातल्या साध्या फोनवर इंटरनेटवरून कॉल उतरवायला मनाई. परवानाधारक फोनकंपन्यांना ती मोकळीक स्पष्टपणे मिळाली 2018 मध्ये.

मधूनमधून पेपरात 'बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उद्ध्वस्त' अशी बातमी असते, ती याच डबीच्या वाया गेलेल्या भावाची. त्याला सिमबॉक्स म्हणतात. तांब्याच्या तारेऐवजी त्यात डझनांनी मोबाइलची सिमकार्डं खोचलेली. आखातातून केलेला फोन इंटरनेटनं एखाद्या भाड्याच्या खोलीत येतो, सिमबॉक्स तो इथल्या सिमवरून पुढं लावतो, आणि तुमच्या मोबाइलवर परदेशाऐवजी साधा दहा आकडी नंबर दिसतो. फायदा कुठं? परदेशी कॉल इथं उतरवून घेण्याबद्दल आपल्या कंपन्या दर मिनिटाला आकार घेतात; 2015 मध्ये तो 53 पैसे होता, 2018 मध्ये 30 झाला, 2020 पासून 35 ते 65 पैशांच्या दरम्यान. देशातला कॉल मात्र पॅकमध्ये फुकट. त्या पैशांसाठी खोल्या भाड्यानं घेतल्या जातात. सरकारला पैशापेक्षा मोठी चिंता ही, की फोन मुळात कुणी आणि कुठून केला याचा मागच उरत नाही. माझ्याकडेही एक गिऱ्हाईक बत्तीस सिमची डबी 'हॉस्टेलसाठी' बसवायला सांगायला आलं होतं. मी हॉस्टेलचा पत्ता विचारला. परत आलं नाही.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल तर भिंतीवरच्या डब्याच्या मागे पाहा. 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेली एक छोटी खाच असेल. ती एफएक्सएस. म्हणजे एक्स्चेंजचं सोंग घेणारी डबी तुमच्या हॉलमध्ये कधीच येऊन बसली आहे. कपाटावरचा जुना फोन पुसून त्यात लावलात तर लँडलाइन चालू. फार जुना, गोल तबकडीचा असेल तर तो वाजेल, बोलताही येईल, पण नंबर बहुधा फिरणार नाही. तबकडीचे ठोके बऱ्याच डब्यांना कळत नाहीत. आमच्याकडं वडिलांचा काळा तबकडीचा फोन अजून तसाच येणाऱ्या फोनपुरता आहे.

या व्यवस्थेची एक खरी उणीव आहे आणि विकणारे ती सांगत नाहीत. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची. घरची वीज गेली तरी फोन जिवंत. डब्याला मात्र तुमच्याच भिंतीतली वीज लागते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत वीज गेली आणि फायबरचे फोन त्याच क्षणी मेले. तांबं तगलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पुढं पिलरच पाण्यात होते; पण पहिले काही तास तरी मिळाले असते. ब्रिटनमध्ये सगळे जुने फोन अशा डब्यांवर नेण्याचं काम चालू आहे. तिथं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातलं मदतीचं बटण याच तारेवर चालायचं. बदलानंतर काहींची बटणं बंद पडली, तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये सक्तीची बदली थांबवावी लागली आणि शेवटची तारीख 2025 वरून जानेवारी 2027 वर गेली. आपल्याकडं उपाय स्वस्त आहे: राउटरसाठी मिळणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस. डब्याला दोनतीन तास तरी पुरतो.

आणि तुमच्या सोसायटीत, शाळेत, पतसंस्थेत कुणी गेटवे बसवायला आलं, तर त्याचं ब्रोशर वाचत बसू नका. त्याला तुमच्यासमोर बाहेरून एक फोन लावायला सांगा. आतल्यानं उचलून धरून ठेवायचा, बाहेरच्यानं ठेवून द्यायचा. मग डबीवरचा दिवा विझतो का ते घड्याळ लावून पाहा. दहा सेकंदांत विझला तर पैसे द्या.